अर्थिंगचा खड्डा

मुळशीतल्या नव्या प्लॉटवर सौरभने कॅम्पर व्हॅन उभी केली आणि वायर ओढून शेजारच्या सारजाबाईंच्या घरातून लाईट घेतली. व्हॅनच्या दाराला हात लावला की शॉक बसत होता. त्याने चार्जर काढला, फ्रिज बंद केला, फ्यूज बदलून पाहिले. शॉक तसाच. मग तो तणतणत कुंपणाशी आला.

"व्हॅनमध्ये काही नाही. तुमच्या घराचं अर्थिंग गेलंय. मागच्या खेपेला नीट होतं."

"व्हय, वाळलंय त्ये," ओट्यावर लसूण सोलत सारजाबाई म्हणाल्या. "त्या खड्ड्यात रोज पाणी वतावं लागतं."

"मग ओतायला काय होतं? आत्ता माझी मुलगी चिकटली असती दाराला."

"वतत हुते की. रोज कळशीभर."

"मग बंद कशाला केलं?"

सारजाबाईंनी मानही वर केली नाही.

"तुमच्या प्लॉटातल्या विहिरीचंच वतत हुते. तुमी तिला कुलूप घातलं, तवापासनं आमी टँकरचं पाणी पितोय. किल्ली तुमच्या खिशात हाय. आता तुमीच वता."