टाकीतली मोकळी जागा

पांढरकवड्याच्या कॉलेजात फरहा मॅडमच्या काचेच्या टाकीत चाळीस मासे होते. त्यांचं एक जनुक बंद केलेलं होतं. त्यामुळे ते थवा करत नसत. शिकारी मासा सोडला तरी जो तो एकटाच फिरे.

मंगळवारी सकाळी त्यांनी थवा केला. मधोमध वीतभर जागा मोकळी ठेवली. साधे मासे शिकाऱ्याभोवती अशी जागा सोडतात. इथे तिच्यात नुसतं पाणी होतं, आणि ती जागा सरकत होती.

परिचर गोपाल कोपरापर्यंत हात घालून टाकीतला गाळ काढत होता. जागा त्याच्या हाताकडे वळली.

"गोपालभाऊ, हात काढा!"

"काहून मॅडम? मासे खाऊन राह्यले का मले?"

"काढा म्हणते ना!"

जागा हाताला भिडली, तेव्हा कुठे त्याने हात बाहेर घेतला. मासे तत्काळ पांगले.

"पाची बोटं हायेत, पाहून घ्या," तो म्हणाला. मॅडमही हसल्या.

तो चहा आणायला निघाला. तास सुटला होता, व्हरांडा पोरांनी भरला होता. गप्पा न थांबवता, त्याच्याकडे न पाहता पोरं दोन्हीकडे सरकली. त्याच्याभोवती गोल जागा मोकळी झाली, दोघं मावतील एवढी.