आदगोंडांच्या उसातली धावपट्टी

आष्ट्याच्या आदगोंडा पाटलांची मुलगी प्राची घरबसल्या विमान उडवायचं सॉफ्टवेअर बनवते. आदगोंडांना तिचा इतका अभिमान, की आलेल्या पाहुण्याला ते आधी संगणकावर दिल्लीला उतरवतात आणि मगच चहा देतात.

विमानतळांची माहिती प्राची एका परदेशी कंपनीकडून परवान्यावर घेते. अट एकच. त्यातलं टिंबसुद्धा हलवायचं नाही, नाहीतर परवाना रद्द आणि धंदाही बंद.

परवा आलेल्या नव्या माहितीत आदगोंडांच्या उसात एक धावपट्टी होती.

"चूक आहे, अण्णा. कंपनीला कळवते."

"कळव की. पर काढू नगंस. साऱ्या तालुक्यात कुणाच्या रानात हाय का?"

कंपनीने तपासून आपली प्रत पुन्हा पाठवली. तिकडे तीत धावपट्टी दिसत नव्हती. आष्ट्यात उघडली की दिसत होती.

दुपारी आदगोंडा स्वतः विमान घेऊन निघाले. पडद्यावर धावपट्टी जवळ येऊ लागली. बाहेर वारा अजिबात नव्हता. तरी खिडकीतून दिसणारा त्यांचा ऊस पार पलीकडच्या बांधापासून एका रेषेत आडवा पडू लागला.

प्राचीने परवान्याचा विचार केला नाही. तिने धावपट्टी पुसली आणि संगणकच बंद केला.

रेषा थांबली नाही. ती सरळ घराकडे येत राहिली.

आदगोंडा उठून खिडकीशी गेले. त्यांची छाती फुगली होती.

"बघ गं," ते म्हणाले, "कसं मधोमध उतरतंय."