हाताला आठवतं

पेन टेकवताच वीज आयोगाच्या नव्या सदस्य अनसूयाबाईंचा उजवा हात थरथरू लागला. धरणातलं जुनं वीजघर आणखी दहा वर्षं चालवायच्या परवानगीची फाईल समोर होती.

"भिवाजी, मी आधी कुठे नोकरीला होते हो?"

शिपाई भिवाजीने आधी दार लावून घेतलं. निवाडा निःपक्षपाती व्हावा म्हणून शपथेच्या दिवशीच सदस्यांची जुन्या नोकरीची आठवण पुसून टाकत. बाई तीस वर्षं त्याच वीजघराच्या इंजिनिअर होत्या, आणि ते धोक्याचं झालंय, बंद करा, असं त्याच सांगत आल्या होत्या. सांगितलं तर तुरुंग, आणि धरणाखालच्या गावात त्याची लेक बाळंतपणाला आलेली.

"ते विचारू नका, बाई," तो कसाबसा म्हणाला. "हाताचं ऐका."

"हाताला काय कळतंय?" बाई हसल्या, आणि त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं.