पदकाची मागची बाजू

नाट्यमंडळाच्या पन्नाशीनिमित्त कांस्यपदक घडवायचं काम मिळालं, तेव्हा मागच्या बाजूला मी शिवणमावशींचे हात कोरले. चाळीस वर्षं नाटकांचे पोशाख शिवून त्यांचे डोळे गेले होते. हातांचा साचा घेताना त्या पोरीसारख्या लाजल्या. नमुना बघून अध्यक्षांनी नाक मुरडलं. "हे सुरकुतलेले हात कोण बघणार? माझा चेहरा घाला." मी हात खरवडून काढले. समारंभात अध्यक्षांनी बोटाला थुंकी लावून पदकावरचा स्वतःचाच गाल चमकवला आणि पदक मावशींच्या हातावर ठेवलं. मला शिसारी आली. मावशींनी ते दोन्हीकडून चाचपलं. "माझे हात कुठायत? इथे तर मिशा लागतायत." "हात काय मावशी, सगळ्यांनाच असतात!" अध्यक्ष म्हणाले. सभागृह खिदळलं. पुढचं काम हवं म्हणून मीही हसलो. मावशींनी माझ्या हसण्याच्या दिशेने मान वळवली. "तूसुद्धा हसतोस होय रे?" हसू माझ्या तोंडातच आंबलं.