सरळ रांगा

“हा वर्ग आहे की लग्नाची पंगत?” शिक्षण विस्तार अधिकारी मधुकरराव दारातच थांबून म्हणाले.

भिंतींच्या कडेकडेने बेंच. मधली फरशी मोकळी. बेंचाच्या प्रत्येक पायाशी पिवळ्या रंगाची खूण, आणि दारापासून फळ्यापर्यंत जुन्या पोत्याची पट्टी अंथरलेली. तेवीस वर्षांच्या नोकरीत मधुकररावांनी सेलू तालुक्यातली एकूण एक शाळा पायाखाली घातली होती. वर्ग म्हणजे फळा, फळ्यासमोर सरळ रांगा, बस. यापलीकडे काही असतं म्हणणारी माणसं एकतर पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आलेली असत, नाहीतर कामचुकार.

दोन वर्षांपासून या शाळेत शिकवणाऱ्या रंजिता मॅडम पुण्याला गेलेल्या नव्हत्या.

मधुकररावांचं डोकं फाटकापासूनच फिरलं होतं. गाडी उभी करतात न करतात तोच पाचवीतली एक पोरगी धावत आली.

“नमस्कार सर. मी पौर्णिमा. तुमच्या गाडीची चेन ढिली हाय. इकडून या. पायरी हाय, सांभाळून.”

तेवीस वर्षांत त्यांना पायरी दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती. आगाऊ पोरगी!

खिशात गावच्या बंडूजींचा तक्रार अर्ज होता. ‘आमचा राकेश पयल्या बेंचावर बसे. आता पयला बेंचच नाई. एकीच्या पायी साऱ्यायचा वर्ग बिघडून राह्यला.’ एकी म्हणजे कोण, हे मधुकररावांना विचारावं लागलं नाही. ती समोरच उभी होती, खडूने माखलेल्या पदराची. अहवाल गेला की तिची बदली पार दुसऱ्या तालुक्याच्या टोकाला. हे पोरांनाही ठाऊक होतं. पाचवीचा वर्ग इतका गप्प कधी नसतो.

“सर, कारण या फाइलीत लिहिलं आहे,” मॅडम हळूच म्हणाल्या. “पोरांसमोर नाही बोलत. तुम्ही वाचून घ्या.”

मधुकररावांनी फाइल घेतली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

तास सुरू झाला. मॅडम फळ्यावर लिहीत, आणि लिहिलेला एकूण एक आकडा मोठ्याने बोलत. जसा काही फळा मुका आहे. पोरंही तसलीच. “मी राकेश. उत्तर चौऱ्याऐंशी.” “मी नयन. माहं चुकलं मॅडम.”

“ही पोरं आहेत की सिंदीच्या फलाटावरच्या गाड्या?” मधुकरराव म्हणाले. “घोषणा केल्याशिवाय येतच नाहीत!”

मग त्यांनी स्वतःच गणित घातलं. “एका एकरात साडेसात क्विंटल कापूस, तर साडेतीन एकरात किती? कोण सांगतो?”

“मी पौर्णिमा. सव्वासव्वीस क्विंटल.”

“वहीत न लिहिता?”

“डोक्यातच लिवते, सर.”

उत्तर चोख होतं. नजर मात्र खिडकीबाहेर. साहेबाकडे पाहून बोलायची रीत या शाळेत नव्हतीच. वर तिने माठातलं पाणी आणून दिलं, तेही पेल्यात बोट बुडवून.

“शी! स्वच्छतेचा धडा झाला नाही वाटतं? जा, मैदानातल्या नळावरून आण. बोट न बुडवता!”

पौर्णिमा हसत धावत गेली. मधुकररावांनी घड्याळ पाहिलं.

“चला, बेंच रांगेत लावा. अहवालाला फोटो जोडायचा आहे.”

मॅडम झटकन पुढे झाल्या. “सर, माझी बदली करा पाहिजे तर. पण बेंच नका हलवू. निदान फाइल तरी...”

“फाइल वाचून वर्ग सरळ होत नसतो, मॅडम.”

“मी राकेश,” बंडूजींचा पोरगा उभा राहिला. “आमी बेंच नाई हालवत, सर.”

“बापानं तक्रार करायची आणि पोरानं साहेबाला शिकवायचं! खाली बस. आता कुणाचा आवाज आला तर बाईंची बदली आजच्या आज!”

राकेश खाली बसला. मधुकररावांनी स्वतः बाह्या सरसावल्या. बेंच ओढले, पोतं गुंडाळून बाहेर भिरकावलं. पाच मिनिटांत चार रांगा, सुतळी लावून आखाव्यात अशा. पोरं त्यात कोंबली. मॅडमना फळ्यापाशी उभं केलं. घामाघूम झाले, पण छाती फुगली. एवढ्याशा कामाला या बाईला दोन वर्षं पुरली नव्हती!

त्यांनी मोबाइल डोळ्यासमोर धरला. तेवढ्यात दारात पेला घेऊन पौर्णिमा आली.

“ये, बस तुझ्या जागेवर,” ते उदार होऊन म्हणाले. “तूही ये फोटोत.”

ती नेहमीसारखी धावतच आत शिरली आणि तिसऱ्या पावलाला बेंचावर आदळली. पेला खणखणत गेला. मॅडम धावल्या, मधे बेंच आडवा आला.

मोबाइलच्या पडद्यावर, सरळ रांगांच्या मधोमध, दोन हात हवा चाचपत होते.

“मॅडम? माही जागा कुठी गेली?”

मग मागच्या रांगेतून हळूच आवाज आला.

“मी राकेश. पौर्णिमा, माह्या आवाजावर ये.”