मुकी

"जावईबापू, गाडी पार भिंतीला लावा. सावलीत. उन्हात माझं डोकं तापतं आणि मग तोंड सुटतं."

जावई हसला. त्यानं गाडी मुकाट भिंतीला लावली.

लेक पायरीवर बसून बघत होती. आठ दिवसांपूर्वी ती एका बॅगेनिशी माहेरी आली होती. आज नवरा न्यायला आला, आणि येताना गाडीचं कामही घेऊन आला. सासू फुकटात सर्व्हिसिंग करते म्हटल्यावर कोण सोडतो!

आईला जुन्या सुबारू मोटारींचा भारी नाद. शाळा चौथीत सुटली, पण कुठला बोल्ट किती आवळायचा ते तिच्या मनगटाला पाठ. एकाच सालच्या, एकाच निळ्या रंगाच्या दोन गाड्या तिनं भंगारातून उचलून उभ्या केल्या होत्या. एक लेकीला दिली. ती जावईच चालवायचा, लेकीला हात लावू देत नव्हता. दुसरी शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी. तीन वर्षांपूर्वी तिची डिस्ट्रिब्युटरची टोपी, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारी टोपी, आईच्याच हातून फरशीवर पडली आणि तडकली. तशी दुसरी कुठे मिळेना. तेव्हापासून त्या गाडीचं नाव पडलं मुकी. तरी दर रविवारी तिचं ऑइल बघायचं, बॅटरी चार्ज करायची, इंजिन हातानं फिरवायचं, हे चालूच. लग्नाआधी लेक चिडवायची, "एवढं कौतुक कधी माझं केलं नाहीस."

"ब्रेक जरा उशिरा लागतात," जावई म्हणाला.

"आधी तेच बघते. बये, बसलीस काय? चौदाचा पाना दे."

लेकीनं डाव्या हातानं पाना दिला. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती.

"आठ दिवस विचारतेय हिला, बोटांना काय झालं म्हणून," आई म्हणाली. "मूग गिळून बसलीय. तुम्ही तरी सांगा."

जावयानं चहाचा कप खाली ठेवला. "या गाडीतच झालं, आई. दार उघडं टाकून काच वर करत होती. लक्ष कुठे असतं हिचं? दाराच्या वरच्या पट्टीत बोटं चेंगरली. काय गं, हो ना?"

लेकीनं त्याच्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. "हो."

आईनं त्याच गाडीचं दार उघडलं. काच खाली केली, वर केली. हातातलं पुसायचं फडकं वाळत घालावं तसं काचेच्या कडेवर टाकलं.

"वेंधळीच आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून."

लेक बोटांच्या पट्टीचं सुटलेलं टोक गुंडाळत राहिली. आता सांगायला कुणी उरलंच नाही.

कामाला मात्र आईनं कसर ठेवली नाही. "नुसत्या जॅकवर माझा भरवसा नाही," म्हणत मुकीखालचे ठोकळे काढून जावयाच्या गाडीखाली सरकवले. पार्ट धुवायला म्हणून त्याच्याच टाकीतून डबाभर पेट्रोल काढून शेडमध्ये नेलं. दोन तास चाकांशी झटापट केली. मग गाडी खाली उतरवून बॉनेट उघडलं.

"या इंजिनाची गंमत माहितीय का, जावईबापू? याचे दट्टे समोरासमोर आडवे पडून बुक्क्या मारतात. जन्मभर."

"आमच्या संसारासारखं!" जावई खो खो हसला.

"हो ना. पण इथे दोन्हीकडून सारख्याच बसतात."

तो अजून हसतच होता. हसत हसत चूळ भरायला नळाकडे गेला.

तेवढ्यात लेक आईच्या कानाशी आली. "ब्रेकचं काही वेडंवाकडं केलं नाहीस ना?"

"जीभ आवर. माझ्या हाताखालून गेलेली गाडी आजवर रस्त्यात बंद पडली नाही. हीही पडायची नाही."

"आई, मला नाही जायचं."

आठ दिवसांत पहिल्यांदा ते वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. आईनं मानसुद्धा वर केली नाही.

"बॅग आण. तोवर मुकीत ठेव. याच्या डिकीत ऑइल सांडलंय, कपडे नासतील."

लेकीनं बॅग आणली. दुसरं करणार काय? ती मुकीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली. बाहेर बॉनेट धाडकन बंद झालं.

"झालं हो! बसा, चालू करून बघा," आईचा आवाज आला. "मी हत्यारं ठेवून येते."

ती शेडमध्ये आली. मुकीचं बॉनेट उघडून पाठमोरी खुडबुड करत राहिली.

बाहेर किल्ली फिरली. इंजिन घरघरलं, पेटलं नाही. पुन्हा घरघर. पुन्हा. जावयाची एक शिवी ऐकू आली.

"आत बस," आई म्हणाली.

"कुठे?"

"पुढे, माझ्या शेजारी. आता तरी ऐक."

लेक बसली. आईनं किल्ली फिरवली. मुकी एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि तीन वर्षांचं तुंबलेलं एकदम बोलून टाकावं तशी गुरगुरायला लागली.

शेडमधून बाहेर येताना लेकीला भिंतीपाशी नवरा दिसला. स्वतःच्या गाडीचं बॉनेट वर करून तो आत बघत होता. तारा मोकळ्या लोंबत होत्या. टोपीची जागा रिकामी होती.

आईनं गाडी त्याच्याजवळ थांबवली.

"हे काय, आई? कुठे निघालात हिला घेऊन?"

"हाडांच्या डॉक्टरकडे, बोटांचा फोटो काढायला. तिथून पोलीस चौकीत."

"मी सांगितलं ना तुम्हाला कसं झालं ते!"

आईनं काच पूर्ण वर केली आणि दार सताड उघडलं. काच नुसतीच उभी राहिली. तिच्या वर फक्त आभाळ होतं.

"जावईबापू," ती म्हणाली, "या गाडीच्या दाराला वरची पट्टी नसते."