खिळ्यावरची कॅलेंडरं

“मोडलेला पाय आता कसा आहे?” अपिलाच्या वैद्यकीय मंडळातल्या कर्नलबाईंनी विचारलं आणि निवृत्त हवालदार निकमांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “ठीक आहे, साहेब.”

“आबा, हेच बोलून मागच्या वेळी वीसच टक्के अपंगत्व घेऊन आलात,” लेक करवादली. तिनं पिशवीतून जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. “आईची आहेत. नवं कॅलेंडर ती जुन्यावरच टांगायची. ती गेल्यावर खिळ्यावरून उतरवली, तेव्हा दिसलं.”

कर्नलबाई तारखांखालचं बारीक अक्षर वाचू लागल्या. “‘जिना बसून उतरले. मी बघितलं नाही असं दाखवलं.’ ‘देवळात आले नाहीत, कंटाळा म्हणाले. पाय आहे.’ नऊ वर्षांचं आहे हे, हवालदारसाहेब.”

निकम बघतच राहिले. बर्फातल्या चौकीवर आपल्या नजरेतून पाखरू सुटत नसे, असं ते गावभर सांगत. इकडे बायकोनं नऊ वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली, त्यांचा ताठा मोडू नये म्हणून शब्दानं बोलली नाही, आणि त्यांना पत्ता नव्हता. एवढं मोठं माणूस रोज आपल्याला भाकरी वाढत होतं.

शेवटचं कॅलेंडर तिनं इस्पितळात मागवून घेतलं होतं. निकमांना वाटलेलं, एकादश्या बघायला. त्यावरचं अक्षर वाकडं झालं होतं.

“‘आज दिवसभर माझ्या खाटेशी उभे. पाय सुजणार. बसा म्हटलं तर ऐकत नाहीत.’”

निकमांनी टेबलाची कड धरली.

“साहेब,” ते म्हणाले, “मला उभं राहवत नाही. बसू का?”